गिअर कुठे असावा?

मोटारीचा गिअर कुठे असावा, या प्रश्नाचं उत्तर भगवद्गीतेत नाही. अठरा अध्याय आणि सातशे श्लोक, सगळा संवाद रथात झालेला. पण सारथ्यानं कुठला हात कुठं ठेवावा याविषयी त्यात चकार शब्द नाही. कारण उघड आहे. घोड्यांना गिअर नसतो. लगाम ओढला की घोडा थांबतो, सैल सोडला की पळतो, आणि मधल्या पायऱ्या तो आपल्या आपण ठरवतो. अर्जुनाच्या रथाला गिअर असता, तर दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा कर म्हटल्यावर पहिली अडचण ही निघाली असती की न्यूट्रल सापडत नाही. मग विषादयोगाला वेगळंच कारण मिळालं असतं.

भगवंतांवर तो प्रसंग आला नाही. आमच्यावर आला.

त्याचं असं झालं. आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची, १९६९ सालची फियाट डिलाइट आहे. यातलं 'आहे' हे क्रियापद जरा सैल अर्थानं घ्यायचं. राजारामपुरीत आमच्या दादाच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली ती कित्येक वर्षं नुसती उभी होती, आणि गल्लीतल्या मांजरांच्या निदान चार पिढ्यांची बाळंतपणं तिनं केली. दादाची मुलगी पुण्यात इंजिनिअर आहे. ती दिवाळीला आली, ताडपत्री उचलून आत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, ही चालू करूया." इथवर घरात एकमत होतं. पुढच्या वाक्यानं ते संपलं. ती म्हणाली, "फक्त हा स्टिअरिंगचा गिअर काढून खाली घेऊया."

ज्यांनी ही गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हल्लीच्या गाड्यांत गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या डाव्या मांडीशेजारी जमिनीतून उगवतो. आमच्या फियाटमध्ये तो स्टिअरिंगला डाव्या अंगानं फांदी फुटावी तसा फुटलेला असतो. स्टिअरिंगवरचा हात जरासा घसरला की गिअर हाती लागतो. निदान गाडी नवी असताना लागतो. या फांदीपासून खाली गिअरबॉक्सपर्यंत सळ्या, सांधे आणि बुश यांची एक परंपरा असते, आणि सगळ्या परंपरांप्रमाणे ती सांध्यासांध्यांत झिजते. झिजली की हातानं सांगितलेला दुसरा गिअर गिअरबॉक्सला चौथा म्हणून ऐकू येतो. कधी कधी दोघांचं बोलणंच बंद पडतं. मग ड्रायव्हरनं खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, आणि आत हात घालून सळ्यांची समजूत काढायची. मागचे लोक हॉर्न वाजवत असताना आबांनी ही समजूत कोल्हापुरातल्या बहुतेक सगळ्या चौकांत काढलेली आहे.

शिवाजी उद्यमनगरातले मिस्त्री आले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, गिअरचा दांडा धरून हलवला, आणि आजाऱ्याची जीभ बघितलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, "सर, तीन रस्तं हाईत. पैला, ह्योच गिअर ठेवायचा, बुश नवं करायचं. दुसरा, गिअरबॉक्स ह्योच ठेवून दांडा खाली घ्यायचा. तिसरा, गिअरबॉक्सच दुसऱ्या गाडीचा, पाच गिअरवाला. पैल्यात गाडी तुमच्या वडलांची ऱ्हाती. दुसऱ्यात तुमची हुती. तिसऱ्यात कुनाची म्हनायची, ते तुमीच ठरवा."

मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं, पण एवढा मोठा प्रश्न एवढ्या थोड्या शब्दांत मला कधी घालता आला नव्हता.

दादा म्हणाला, "पहिला." पुतणी म्हणाली, "तिसरा, नाहीतर निदान दुसरा." वहिनी म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." आणि तांबड्या रश्शाची दुसरी वाटी होईस्तोवर सर्वानुमते मला पंच नेमण्यात आलं. मला गाडीतलं काही कळत नाही, ही माझी मुख्य पात्रता होती.

पंच झाल्यावर मी थोडी माहिती जमवली. गिअर स्टिअरिंगवर गेला तो काही आमच्या आबांसाठी गेला नव्हता. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत पाँटिॲक, कॅडिलॅक या गाड्यांमध्ये तो जमिनीवरून वर चढला, आणि बघता बघता तिकडं सगळ्यांचाच चढला. पुढची सीट तेव्हा बाकासारखी सलग असे, आणि जमिनीतला दांडा निघाला की तिच्यावर दोघांच्या जागी ऐसपैस तिघं बसत. इटलीत १९५३ साली फियाटची नवी ११०० निघाली, तिचाही गिअर स्टिअरिंगलाच. आपल्याकडं वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली, १९६४ पासून 'डिलाइट' झाली, आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव घेऊन 'पद्मिनी' झाली. नाव बदललं, दिवे बदलले, जाळी बदलली; गिअर हलला नाही.

"हलला," पुतणी म्हणाली. "शेवटच्या काळात, १९९६ च्या सुमाराला, कंपनीनंच खाली घेतला. बकेट सीट दिल्या. अँबॅसिडरनंसुद्धा इसुझूचं इंजिन घेतलं तेव्हा गिअर खाली नेला. काका, ज्यांनी गाडी बनवली त्यांनाच पटलं होतं, मग आपण कोण?"

मुद्दा बिनतोड होता. दांडा गिअरबॉक्सच्या जवळ आला की मधली सळ्यांची परंपरा संपते, झिजायला सांधे कमी उरतात, आणि हातानं बोललेलं गिअरबॉक्सला थेट ऐकू येतं. यंत्राच्या न्यायानं बघितलं तर पुतणी जिंकली होती.

दादानं मग कायदा काढला. केंद्र सरकारनं २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' अशी अक्षरं असलेली खास पाटी मिळते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. अट एवढीच की गाडी मूळ रूपात राखलेली असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार करून तिचा कायापालट केलेला नसावा. "मूळ रूपात!" दादा बोट आपटून म्हणाला. "चेसिस, बॉडी, इंजिन!" पुतणी बोटं मोजून म्हणाली. "गिअरचा दांडा कुठं लिहिलाय?" एकाच नियमातून दोघांना आपापल्या बाजूचा निकाल मिळाला, यावरून नियम उत्तम मराठी ललित निबंधासारखा असावा असं मला वाटलं.

आता गाडी 'मूळची' कधीपर्यंत असते, हा प्रश्न आमच्या शेडमध्ये जन्मलेला नाही. प्लुटार्कनं थीसिअसच्या जहाजाबद्दल लिहून ठेवलंय. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढत आणि नवी बसवत. असं करता करता जहाज तेच राहिलं की दुसरं झालं, यावर तत्त्वज्ञांच्या फळ्या झाल्या. आपल्याकडचा दाखला मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात जहाज नाही, गाडी आहे. यवन राजा मिलिंद भिक्खू नागसेनाकडं वाद घालायला गेला. नागसेनानं त्यालाच विचारलं, राजा, तू पायी आलास की रथातून? रथातून. मग रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? प्रत्येकाला राजा नाही म्हणाला. मग रथ कुठं आहे? राजाला कबूल करावं लागलं की या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे आपण जे नाव देतो, ते 'रथ'. त्यापलीकडं रथ म्हणून वेगळं काही नाही.

हे मी शेडमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. मिस्त्री मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बराबर हाय. तरी पन आरटीओला इंजिन नंबर लागतोयच की."

मला वाटतं नागसेन जिथं थांबतो तिथून पुढं मिस्त्री सुरू होतात. सुटे भाग म्हणजे गाडी नव्हे, हे मान्य. पण म्हणून कुठलाही भाग काढला तरी चालतो, असं होत नाही. कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला तर आपण शिवून आणतो, तळ झिजला तर तळ घालून घेतो. ती चप्पल तीच राहते आणि पाय तिला ओळखतो. त्याच चपलेला सोनेरी पट्टी आणि उंच टाच लावली, तर एकही मूळ वादी न बदलता ती दुसरी चप्पल होते. तेव्हा किती बदललं याला फारसा अर्थ नाही. कशासाठी बदललं, याला आहे.

बदल करणाऱ्यांचं हे गाव आहे, हेही विसरून चालत नाही. विलायती कॅमेरा परवडेना म्हणून बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा घडवला, १९१८ साली. आणि त्यावर पुढं 'सैरंध्री' काढला. उद्यमनगरात तुम्ही मोडकं काहीही घेऊन जा, "मिळत नाही" असं उत्तर येत नाही, "करूया की" असं येतं. आणि दुसरीकडं हेच गाव दर दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची केशरी मेबॅक बघायला लोटतं. १९३० च्या दशकातली जर्मन गाडी, जशीच्या तशी. तिला पाच गिअर टाका अशी सूचना आजवर कुणी केलेली माझ्या ऐकण्यात नाही. एकाच गावात हे दोन्ही धर्म नांदतात. आमच्या घरात ते एकाच शेडमध्ये आले, एवढंच.

पण मेबॅकला वर्षातून एकदा सोनं लुटायला जायचं असतं. आमच्या फियाटला कोण नजर लावणार? ती चालली तरच ती गाडी. नाहीतर मांजरांचं प्रसूतिगृह. जपून ठेवायची म्हणजे बघायला जपायची की वापरायला, हे आधी ठरवावं लागतं. गंमत अशी, की आबांना 'मूळ रूप' ही भानगडच ठाऊक नव्हती. दाराची काच खाली करायचं हँडल तुटलं तेव्हा त्यांनी तिथं स्क्रू पिळायची पकड अडकवली, आणि ती अकरा वर्षं टिकली. सीटला कव्हर घातलं ते आईच्या जुन्या इरकलीचं. मग आबांशी इमान राखायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्यांची वस्तू जशी होती तशी ठेवायची, की त्यांच्यासारखं वागायचं? वस्तू राखायची तर गिअर वरच हवा. वागणूक राखायची तर आबा आज असते, खालचा गिअर स्वस्तात बसतोय म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत बसवून मोकळे झाले असते.

नाथांची आठवण मला इथं झाली. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली. तीनशे वर्षांत नक्कल करणाऱ्यांनी आपापले बुश घालून ठेवले होते, ते त्यांनी ताडून ताडून काढले. नाथ स्वतः केवढे कवी! खालचा गिअर घ्यायचं त्यांनी मनात आणलं असतं, तर ज्ञानेश्वरीला आणखी हजार ओव्या सहज जडल्या असत्या. त्यांनी आपली ओवी घातली नाही आणि पुढच्यांनीही घालू नये म्हणून बजावून ठेवलं. आपली ओवी त्यांनी आपल्या भागवतात लिहिली. अंगात कर्तृत्व असताना दुसऱ्याच्या वस्तूपाशी हात आवरणं, ही कला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत. मराठीच्या वर्गातही आम्ही शिकवतो म्हणजे फक्त मार्कांपुरती.

एवढं होऊनही निकाल लागत नव्हता. दोन्ही बाजूंची पारडी समान होती. अशा वेळी सरकार समिती नेमतं; मी गाडीत जाऊन बसलो. ड्रायव्हरच्या जागेवर नव्हे, पुढच्या सीटवर मध्यभागी. आणि तिथं मला कळलं की आम्ही सगळे भलत्याच गोष्टीवर भांडतोय. प्रश्न गिअरचा नव्हता. प्रश्न या मधल्या जागेचा होता.

खालचा गिअर घेतला की दांडा तिथं उगवतो. दांडा उगवला की सलग सीट जाते, दोन बकेट सीट येतात, आणि मधली जागा कायमची मिटते.

या मधल्या जागेला आमच्या घरात अर्थ होता. आबा चालवायला, आई खिडकीशी, आणि मध्ये त्या दिवशी ज्याला गरज असेल तो. ज्याला गाडी लागते तो मध्ये. परीक्षेत नापास झालेला मध्ये. टॉन्सिल काढून आणलेला मध्ये. आक्का पहिल्या बाळंतपणानंतर सासरी निघाली, तेव्हा निपाणीपर्यंत ती मध्ये बसली होती, मांडीवर तीन महिन्यांचं पोर. मी मागच्या सीटवर होतो. आबांना बोलता येत नसे. म्हणजे एरवी ते घर डोक्यावर घेत, पण असल्या वेळी येत नसे. कागल मागं पडल्यावर रस्ता मोकळा झाला, त्यांनी चौथा गिअर टाकला, आणि तो डावा हात स्टिअरिंगवर परत न नेता आक्काच्या डोक्यावर ठेवला. पुढं ट्रक आला तेव्हा काढला. ट्रक गेला, परत ठेवला. निपाणीपर्यंत हेच चाललं होतं. गिअर टाकून झालेला हात मध्ये बसलेल्या माणसाच्या इतका जवळ असतो, हे पाँटिॲकवाल्यांनी जाहिरातीत लिहिलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

हे मी जेवणानंतर सांगितलं. दादा उठून उगीचच हात धुऊन आला. पुतणी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "काका, मला हे आवडलं. पण एक विचारू? आज त्या मधल्या जागेवर कुणाला बसवणार? पुढं बसणाऱ्याला पट्टा लागतो. मी या गाडीला दोन पट्टे लावून घेणार आहे, त्याशिवाय मी रस्त्यावर काढणार नाही. मधल्याला पट्टा नाही. म्हणजे ती जागा आता रिकामीच राहणार. रिकाम्या जागेसाठी मी रोज गिअरशी कुस्ती खेळायची का?"

माझ्या निबंधाची हवा काढणारा प्रश्न होता. आणि खरा होता. तान्हं पोर मांडीवर घेतलेल्या बाईला पट्ट्याविना पुढं मध्ये बसवून हमरस्त्यानं न्यायचं, ही गोष्ट आज कुणी केली तर मीच त्याला थांबवीन. आठवण कितीही गोड असली, तरी तिच्यावर जिवंत माणूस बसवायचा नसतो.

शिवाय आणखी एक गोष्ट मला दिसत होती, जी दोघंही बोलत नव्हते. दादाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. क्लच दाबणं त्याला जमत नाही, यापुढंही जमणार नाही. म्हणजे जो गिअर वर राहावा म्हणून तो भांडत होता, तो गिअर तो स्वतः कधी टाकणार नव्हता. चालवणार होती ती, आणि अट घालत होता हा. घरोघरी हेच असतं. घराची खिडकी कुठं असावी हे त्या खोलीत न झोपणारा ठरवतो. लग्नात कुणी काय नेसावं हे न नेसणारा ठरवतो. वापरणाऱ्याचा हक्क मोठा, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या हातून वस्तू सुटलेली असते त्याला ती जास्त घट्ट धरावीशी वाटते, हेही समजून घ्यायला हवं. दादा गिअर धरून नव्हता. तो गाडीत आपली जागा धरून होता.

शेवटी मी मिस्त्रींना एकच तांत्रिक प्रश्न विचारला. "दांडा खाली घेताना काय कापावं लागेल?"

"जमिनीत भोक पाडाय लागंल की," ते म्हणाले. "हिला येगळी चेसिस न्हाई. बॉडी आनि जमीन एकच हाय."

तिथं माझा निकाल झाला. जुन्या पोथ्यांची डागडुजी करणारे लोक फाटलेलं पान गव्हाच्या खळीनं चिकटवतात. आपल्याला ती कामचलाऊ युक्ती वाटते. पण त्यात मोठं शहाणपण आहे. खळ पाण्यानं सुटते. उद्या कुणी आपल्यापेक्षा जाणता आला, तर त्याला आपलं काम पुसून आपलं चुकलेलं दुरुस्त करता येतं. बुश बदलले, उद्या परत बदलता येतील. सीटचं कव्हर बदललं, काढता येईल. आबांची पकडसुद्धा निघाली. भोक मात्र बुजवता येतं. 'पाडलेलं नाही' असं करता येत नाही.

म्हणून निकाल असा दिला. गिअर वरच राहील. सगळे बुश उद्यमनगरात लेथवर नवे घडवायचे, सांधे कसायचे, सळ्या सरळ करायच्या. पट्ट्यांसाठी भोकं पाडावी लागतील ती पाडायची. दादा लगेच म्हणाला, "म्हणजे ती भोकं चालतात?" चालतात. जिवंत माणसाच्या जिवासाठी पाडलेलं भोक चालतं. सोयीसाठी पाडायचं तर एक वर्ष थांबायचं. ऐटीसाठी मुळीच पाडायचं नाही. एक वर्ष चालवून पुतणीला वरचा गिअर खरोखरच जमला नाही, तर खटला परत उभा राहील, आणि तेव्हा तिचं मत दोन मतांचं धरलं जाईल. मधली जागा रिकामी राहील. रिकामी आहे म्हणून ती फुकट गेली असं मला वाटत नाही. आबांच्या आधी ही गाडी नव्हती, आमच्यानंतर कुणाकडं जाईल सांगता येत नाही. त्यांच्या आणि पुढच्यांच्या मध्ये आम्ही तात्पुरते बसलोय. मध्ये बसणाऱ्यानं पाय आखडून बसावं, हा त्या सीटचा जुनाच नियम आहे.

निकाल दोन्ही बाजूंना सारखाच नापसंत पडला, तेव्हा तो न्याय्य असावा. वाईट फक्त मिस्त्रींना वाटलं. खालच्या गिअरसाठी त्यांनी एक मूठ हेरून ठेवली होती. पारदर्शक, आत प्लॅस्टिकचा लाल गुलाब. एका काळी ट्रक-टॅक्सीवाले मोठ्या हौसेनं लावत ना, तसली. "लई भारी दिसली असती सर," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत बघून मला कळलं की सगळ्या खटल्यात निखळ प्रेमानं बोललेला माणूस हा एकच.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीलाही वीस वर्षं पुरी झाली, आणि रस्त्यावरून त्या गेल्या. स्टिअरिंगवर गिअर टाकणारी माणसं आता जुन्या लिपी वाचणाऱ्यांसारखी मोजकी उरतील. त्यांत आणखी एकीची भर पडली आहे. गेल्या महिन्यात पुतणी रंकाळ्याभोवती गाडी शिकत होती. दादा शेजारी पट्टा बांधून, 'बोलायचं नाही' या अटीवर. मी मागं, माझ्या जुन्याच जागेवर. पहिला पडला, दुसरा पडला, तिसऱ्याला जरा कुरकुर झाली. दादाचा उजवा हात आपोआप उचलला गेला, गिअरकडं निघाला, आणि मध्येच थांबला. मग काय करावं ते न सुचून त्यानं तो मधल्या रिकाम्या सीटवर ठेवून दिला. तेवढ्यात तिसरा पडला.

"बाबा, बघितलंत?" पुतणी म्हणाली.

अट मोडायची नव्हती म्हणून दादा काही बोलला नाही. हात मात्र त्यानं तिथून शेवटपर्यंत उचलला नाही.